वसईत तीन अंथरुणं, विरारात पाच

आमच्याकडची माणसं मुक्कामाच्या प्रवासाला निघतात ती कुलदैवताला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. घर बघायला म्हणून पिशव्या भरून कुणी गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण आम्ही गेलो, मी आणि माझ्या सासूबाई. नव्वदचं दशक संपत आलं होतं. परळ-लालबागकडचा जो तो वर्तमानपत्रातली जाहिरात कापून वरच्या खिशात ठेवायचा आणि रविवारी वसई-विरारची वाट धरायचा. आम्ही थोडे उशिराच जागे झालो.

चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. तीत हे, मी, चौथीतली आमची रेवा, सासूबाई आणि धाकटा दीर सुधीर. सुधीरचं लग्न फाल्गुनातलं ठरलं, तेव्हा खोली त्याला ठेवायची आणि आम्ही बाहेर पडायचं हे बोलणं चहा निवायच्या आत आटोपलं. राहिली एकच गोष्ट, आणि ती कुणी तोंडातून काढली नाही. आई कुणाकडे राहणार? त्या आमच्याबरोबर याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला मासळी साफ करता येत नव्हती. त्यांनी ती शिकवली, आणि माझी पहिली आंबट कालवणं कुणाला कळू न देता स्वतः संपवली. पण विचारायचं कसं? विचारलं तर सुधीरकडून ओढून नेल्यासारखं होणार, आणि त्या नाही म्हणाल्या तर ते तोंड कुठं लपवू? म्हणून मी गप्प, त्याही गप्प.

घर बघायला तुम्ही दोघीच जा, असं ह्यांनीच सांगितलं. "मला चार भिंती आणि एक पंखा दिसला की घर बरंच वाटतं. माझ्यावर सोपवू नका," असं म्हणून त्यांनी रेवाची तीन दिवसांची जबाबदारी अंगावर घेतली. ह्यांच्या कंपनीचं कर्ज आणि माझी पोस्टातली बचत मिळून आमच्याकडे तीन लाख होते. आकडा ठरलेला होता, पण गाव बदललं की त्याची लांबी-रुंदी बदलते हे मला त्या फेरीत कळलं.

गाडीचं वर्णन करत नाही. ते लिहून लिहून लोकांचे हात दुखले आहेत.

वसई

माझ्या ऑफिसातली कल्पना वसईची, पश्चिमेकडच्या वाडीतली. उतरायचं तिच्याकडे ठरलं होतं. रस्ता सोडून आत वळलो आणि ऊन हिरवं झालं. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच पानवेलीचा मांडव, कुठं मोगऱ्याचे वाफे, आणि एका वळणावर झाडांच्या सावलीत स्वस्थ पडलेलं तळं. त्याला इथं बावखल म्हणतात. सगळ्या वाडीचं पाणी म्हणे तेच धरून ठेवतं. आई काठावर थांबल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. राजापूरकडचं माहेर त्यांनी शेवटचं कधी पाहिलं, ते त्यांनाच ठाऊक. मीही थांबले. घाई करावी असं तिथं काही नव्हतंच.

कल्पनाचे वडील, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, ओटीवर केळीचे घड नीट लावत बसले होते. घरात ती माणसं आपसांत त्यांच्या बोलीत बोलत. मला ती निम्मी कळे आणि उरलेली नुसती ऐकायला गोड लागे. आमच्याशी मात्र ते शाळेतल्यासारखं मराठी बोलत.

"भाऊ, तीन लाखांत तुमच्या या वाडीत काय येईल?" मी विचारलं.

त्यांनी गंभीरपणे विहिरीकडे पाहिलं. "कठडा देतो. बसायला चांगला आहे. पाय आत सोडायचे नाहीत, आतली बाजू आमची."

आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला ते हसू फार दिवसांनी ऐकायला मिळालं.

दुपारी कल्पनानं स्टेशनच्या रस्त्यावरची एक इमारत दाखवली. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. बिल्डरचा माणूस हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत सांगू लागला, "मॅडम, तीनशेवीस बिल्टअप आहे. कार्पेट थोडा कमी पडेल, पण व्हेंटिलेशन एकदम मस्त."

"ते असू दे," आई म्हणाल्या. "अंथरुणं किती पडतील?"

तो माझ्याकडे बघू लागला. त्याची चूक नव्हती. चाळीतलं घर फुटांत मोजत नाहीत. लग्नाचे पाहुणे येवोत की गावाहून कुणी दवाखान्यासाठी येवो, रात्री किती अंथरुणं पडतात यावर घराची ऐपत ठरते. आईंनी पदर खोचला आणि भिंतीपासून हात पसरून मोजायला सुरुवात केली. इथं एक, त्याला लागून दुसरं, दाराशी पाय करून तिसरं. तिसऱ्याशी खोली संपली. चौथं टाकायचं तर स्वयंपाकघरात, सिलिंडरला डोकं लावून.

पण ती खिडकी! तिच्यातून कौलं दिसत, त्यांच्यावर माडांचे शेंडे, आणि त्यांच्या पलीकडे सगळी हिरवाई. घर बघायला गेलेली बाई घर बघत नाही, ती तिथं राहून येते. मी त्या खिडकीत पाच मिनिटं उभी होते आणि तेवढ्यात तिथं वर्ष काढलं. तिथं चिंचेचं लोणचं घातलं, पडदे शिवले, रेवाला अभ्यासाला बसवलं. लांब कुठल्या तरी चर्चची घंटा वाजली, तर मला आपल्या घरातलीच वाटली.

"हे घर छान आहे," आई मागून म्हणाल्या. "तुझा जीव रमला इथं. हेच ठरवून टाका."

मी मनात चौथं अंथरूण टाकून बघत होते, आणि कसंही फिरवलं तरी ते मावत नव्हतं.

रात्री कल्पनाकडे उकडहंडी होती. मडक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी, कच्ची केळी, सगळं मसाल्यात घोळवून, पाल्यानं तोंड बांधून शिजवलेलं. आमच्या कोकणात असे कंद उकडतात ते एकादशीला, मीठ लावून, तोंड पाडून खायला. इथं त्यांचा सण करतात. आईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वर मला म्हणाल्या, "मासळी नाही तरी जेवले हो. त्याला सांगू नकोस, लगेच कंद आणायला लागेल." त्याला म्हणजे माझ्या ह्यांना.

कळंब

दुसऱ्या दिवशी सकाळी नालासोपाऱ्यात दोन इमारती पाहिल्या. पैशांत नीट बसणारं घर होतं, बैठकीची खोली आणि झोपायची वेगळी. फक्त खिडकीसमोर खिडकी. समोरच्या घरातल्या उसळीत मीठ कमी आहे हे मी इथून सांगू शकले असते. आई म्हणाल्या, "हे तर आपलीच चाळ उभी केल्यासारखं झालं," आणि जिना उतरल्या.

हातात अख्खी दुपार होती. कल्पना म्हणाली, चला, तुम्हाला समुद्र दाखवते. एसटी कळंबला सोडून गेली. सुरूच्या झाडांतून वारा असा येत होता की कुणी लांब बसून जातं ओढतंय असं वाटावं. पुढं वाळू, बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील, आणि ओहोटीला मागे सरलेलं, चकाकणारं पाणी. माणूस जवळजवळ नाहीच. आम्ही भाऊंनी बांधून दिलेली सुकेळी सोडली. उन्हात वाळवलेली ती केळी हळूहळू चावत बसलो. तोंडात गोड, ओठांवर खारं.

बोंबील उलटवणारी एक बाई आमच्याकडे बघून जवळ आली. लीलाबाई तिचं नाव. कशाला आलात म्हणाली. घर बघायला, मी सांगितलं.

"अगो बाय, मग इथं कोन येतं? घरं तिकडं स्टेशनाला."

"आमच्या पैशांत इथं काय मिळेल?" मी सहज विचारलं. विचारायला काय जातं!

तिनं रक्कम ऐकली, सुरूंच्या ओळीकडे हात केला. "त्या कडंपासून इथवर जागा मिळंल. आनि वर घर बांधशील. पन पानी खारं, आनि रोज मुंबईला जानार कशी? पोहत?"

त्या वाळूवर आमचे तीन लाख राजासारखे पसरले. मी लगेच घर बांधलं. पुढं पडवी, मागं पडवी, अंगणात शेवगा. अंथरुणं मोजायची गरजच नाही, अख्खी चाळ झोपायला बोलवावी. आईंची खोली समुद्राकडे दिली. त्या पहाटे उठून दार उघडत आहेत, समोर पाणी, असं मला इतकं स्पष्ट दिसलं की मी त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलणारच होते.

त्या जागेवर नव्हत्या. साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेऊन पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांची एक चप्पल लाटेबरोबर निघाली होती. मी धावले. चप्पल माझ्याकडे येई, हाताला लागते असं वाटे, आणि परत आत जाई. मी कंबरेपर्यंत भिजले, पर्समधलं पोस्टाचं पुस्तक भिजलं, चप्पल गेली ती गेलीच. काठावर लीलाबाई आणि आई एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या, जशा काही लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

"जाऊ दे गो," आई ओरडल्या, "जागेचा बयाणा दिला असं समज!"

लीलाबाईनं घरातून निळ्या रबरी सपाता आणून दिल्या. एका पायाची जरा मोठी होती. पैसे घेईना. आई पुढचा सगळा प्रवास त्याच फटफट वाजवत चालल्या.

बोळिंज

शेवटच्या दिवशी कल्पनाला कामावर जायचं होतं, म्हणून विरारला आम्ही दोघीच गेलो. पश्चिमेला बोळिंजमध्ये भातखाचरांच्या मध्येच मोठा फलक उभा होता. त्यावर कारंजं, पोहण्याचा तलाव आणि सायकल चालवणारी गोरी मुलं. फलकामागे एक म्हैस चरत होती. नमुन्याच्या घरात काचेच्या टेबलावर प्लास्टिकची द्राक्षं होती. आई पलंगावर टेकल्या तर प्लास्टिकचं आवरण करकरलं, आणि त्या दचकून उठल्या. घर देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण आमचे पैसे अर्ध्या जिन्यापर्यंत चढले आणि धाप लागून खाली बसले. तिथल्या माणसानं हप्त्यांची भाषा सुरू केली. आम्ही पाणी पिऊन निघालो.

फुलपाडा

स्टेशन ओलांडून पूर्वेला आलो. फुलपाड्यात घरांना घरं लागून होती, रस्ता कच्चा, दुकानांच्या पाट्या ताज्या रंगाच्या. ज्या इमारतीत गेलो तिला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचलो. दार उघडलं आणि सबंध खिडकीभर जीवदानीचा डोंगर उभा होता. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आणि आत एक वेगळी खोली, तिला स्वतःचं दार. आईंनी न विचारता मोजलं. बाहेर तीन, आत दोन. वर पैसे थोडे उरतही होते, पंखे आणि ग्रिलपुरते.

किल्लीवाला मुलगा म्हणाला गच्ची बघून घ्या, टाकी मोठी आहे. गुडघे दुखतात म्हणून आई खालीच थांबल्या. मी वर गेले. गच्चीवरून पश्चिमेकडे पाहिलं तर धुक्यासारख्या उजेडात सगळी झाडं एक झाली होती. वसई त्यातच कुठंतरी असेल असं वाटलं, आणि मन पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसलं. इथून ऑफिसला जाणं-येणं किती लांब, हेही मनात येत होतं.

तेवढ्यात खालून किंकाळी ऐकू आली.

झालं असं. आईंना तहान लागली. चाळीत तहान लागली की माणूस पहिल्या उघड्या दारात शिरतो, थेट माठापर्यंत जातो, आणि पेला उपडा घालून येतो. दिवसा दार लावून घेतलं तर आमच्याकडे घरात कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी करायला येतात. समोरच्या घराचं दार लोटलेलं होतं, आईंनी ढकललं. आत कुणी नाही, आणि झोळीत सहा-सात महिन्यांची मुलगी टाहो फोडून रडत होती. आईंनी तिला उचललं. तिची आई टँकरचं पाणी आणायला खाली गेली होती. ती डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन वर येते तर अनोळखी म्हातारी तिच्या पोरीला घेऊन उभी.

मी धावत आले तेव्हा जिन्यात पाणीच पाणी झालं होतं आणि मजल्यावरची सगळी दारं उघडली होती.

"अवो, कोण तुम्ही? पोरगी आधी खाली ठेवा!" ती बाई ओरडली.

"खाली ठेवली तर पुन्हा रडेल की," आई म्हणाल्या.

मी मध्ये पडले. हात जोडले, सांगितलं की घर बघायला आलोय, परळच्या चाळीतल्या आहोत, आमच्याकडे असंच असतं. किल्लीवाल्यानं साक्ष दिली. लोक हसत हसत आत गेले. ती मात्र दाराला टेकून रडायला लागली. अनिता तिचं नाव, साताऱ्याकडची. नवरा अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परत येतो. मग डोळे पुसून म्हणाली, "काकू, हितं येऊन वरीस होत आलं. मजल्यावरची सगळी माणसं आज पहिल्यांदा बघितली."

तिनं चहा टाकला. जिन्यातलं पाणी मी फडक्यानं निपटून काढलं, मग खाली जाऊन तिचा हंडा भरून आणला. एरवी भरला नसता, पण चूक आमची होती. हंडा घेऊन वर आले तर अनितानं तोंडावर बोट ठेवलं. आई भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर मुलगी, आणि दोघी गाढ झोपलेल्या. मी आईंना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाळीत त्यांना दिवसा पाठ टेकायला जागा कधी होतीच कुठं? खिडकीतून वारा येत होता, त्यांच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटा हलत होत्या. मी हंडा खाली ठेवायचा विसरून तशीच उभी राहिले.

त्या जाग्या झाल्यावर आम्ही पुन्हा रिकाम्या घरात आलो. किल्ली परत द्यायची होती. डोंगरावरचं ऊन उतरू लागलं होतं.

"वसईचंच घ्या," आई म्हणाल्या. "तुला ते आवडलंय. मी बघितलंय तुझ्याकडं खिडकीत."

"आवडलंय. अजून आवडतंय," मी म्हणाले. "पण तिथं तुम्ही कुठं झोपाल?"

"मी कशाला तिथं? मी आहे की चाळीत."

"चाळीत नवी सून येणार. एक खोली. तुम्ही गॅलरीत अंथरूण टाकणार आणि कुणाला कळू देणार नाही की थंडी वाजते."

त्या बाहेर बघत राहिल्या. मला बोलायची भीती वाटत होती, तरी मी बोलले. "सुधीरचं मन मोडायचं नाही मला. तुम्हाला तिथंच बरं वाटत असेल तर तिथंच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण मला तुम्ही माझ्या घरात हव्या आहात. रेवासाठी नाही, कामासाठी नाही. मला हव्या आहात."

मी नाक पुसलं. आईंनी आतल्या खोलीचं दार एकदा उघडलं, एकदा लावलं, कडी घालून पाहिली. मग निळ्या सपाता फटफट वाजवत बाहेर गेल्या. मला वाटलं, झालं, दुखावल्या. मी पिशव्या उचलल्या.

बाहेर त्या अनिताच्या दारावर टकटक करत होत्या. तिनं दार उघडलं, पोरगी कडेवर.

"अगो, तुमच्या नळाला पाणी कधी येतं?" आईंनी विचारलं.

मी जागच्या जागी थांबले. वसईच्या त्या खिडकीत, सोपाऱ्यात, बोळिंजच्या प्लास्टिकच्या द्राक्षांपाशी, इतकी घरं पाहिली, त्यांनी अंथरुणं मोजली. पाण्याची वेळ कुठंच विचारली नव्हती.

"एक दिवसाआड येतंय काकू, तेही भल्या पहाटे," अनिता म्हणाली. "उठावं लागतंय बघा. लई हाल."

"पहाटे मी उठतेच," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे हात करून, "हिला कामावर जायचं असतं. हिला झोपू दे."